एक वायसर आणि पायगुण

एका सरकारी मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधला एक वायसर मी बसवायला विसरलो होतो. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, उस्तादांना नाही, आणि जो माणूस ती गाडी चालवायचा त्याला तर नाहीच नाही.

वाचणारे हसतील. वायसर म्हणजे काय, तर मधे भोक असलेली पातळ लोखंडी चकती. आमच्या धंद्यात तर हा जुना विनोदच आहे की इंजिन खोलून परत बसवल्यावर ताटलीत दोन-चार नट उरले नाहीत तर तो मिस्त्री कसला. तेव्हा वायसर विसरला म्हणून कुणी अर्धं आयुष्य गप्प बसत नाही. मी गप्प बसलो तो वायसर सापडल्यानंतर माझ्या तोंडातून जो शब्द गेला त्याच्यामुळं. पण ते कळायला आधी गिअरबॉक्स कळला पाहिजे, आणि संपादकांनीही बजावलंय की पांचाळ मिस्त्री, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. म्हणून हलकं आधी आणि फुलकं मधे घेतो. जड आहे ते शेवटी येईलच, त्याला बोलवावं लागत नाही.

मी धंदा शिकलो नांदेडला, उस्तादांकडं. गिअरबॉक्स म्हटला की आजूबाजूचे मिस्त्री गिऱ्हाईक त्यांच्याकडं पाठवायचे. नवशिक्याची खोड अशी असते की गिअर पडत नाही म्हटलं की तो पाना घेऊन सरळ इंजिनच्या छातीवर बसतो. उस्तादांचं उलट होतं. बाहेरून आत जायचं, आणि जितकं कमी आत जावं लागेल तितका मिस्त्री मोठा. ते म्हणायचे, "पहले पूछो, फिर देखो, फिर चलाके देखो. खोलना सबसे आखिर में. पेट चीरने का काम डाक्टर भी आखिर में करता."

आधी क्लचची वायर बघायची. दांडा दाबताना सुरुवातीला थोडा रिकामा खेळ पाहिजे. खेळ जास्त झाला की क्लच पुरता सुटत नाही, मग पहिला गिअर टाकताना गाडी खर्रर्र करून दात खाते आणि चौकात उभं राहिल्यावर न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. मग गिअरचा दांडा. त्याचे आतले आटे झिजले की पायाखाली दांडा फिरतो, आतला शाफ्ट मात्र रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही. मग तेल. मग क्लचच्या प्लेटा. एवढं सगळं निर्दोष निघालं तरच इंजिन खोलायचं.

आत काय असतं, तर एकमेकांना खेटून फिरणारी दात्यांची चाकं. गिअर बदलतो म्हणजे एक चाक बाजूला सरकतं आणि शेजारच्या चाकाला खुंट्यांनी पकडतं. सरकवायचं काम करतो तो फोर्क, आपल्या बेचक्यासारखा. खुंट्या पुरत्या घुसल्या तर गिअर टिकतो. अर्ध्याच घुसल्या तर सपाटीला गाडी साळसूदासारखी चालते आणि चढ आला, ओझं आलं, की खट्‌ करून सुटते. जत्रेत पोराचा हात नुसत्या बोटांनी धरला तर गर्दीत सुटतो, तसंच. आणि चाकांनी आपापल्या जागी राहावं, इकडं-तिकडं डुलू नये, म्हणून शाफ्टवर असतात वायसर. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

"पहले पूछो" म्हणणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, आवाज काढून दाखवतं. एक मास्तर होते, ते लातूरला माझ्या दुकानासमोर उभं राहून पहिल्या गिअरचं कुरकुरणं, दुसऱ्याचं कण्हणं आणि तिसऱ्याचं ओरडणं असं ओळीनं करून दाखवायचे. रस्त्यावरची माणसं थांबायची. आवाज इतका हुबेहूब, की एकदा मी गाडी न बघताच मास्तरांच्या तोंडावरून क्लच प्लेटा बदलायला काढल्या, आणि दुखणं तेच निघालं.

दुसरे एक शेतकरी होते, औशाकडचे. क्लच दाबला तरी गाडी पुढं पळते म्हणून आले.

"तेल कोणतं टाकलंय?" मी विचारलं.

"घरचंच हाय. घाण्याचं."

"घाण्याचं?"

"करडीचं. भेसळ न्हाई त्यात, मिस्त्री. आमी सोता खातो की तेच."

मी क्लचचं झाकण काढलं. प्लेटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की जणू सख्ख्या बहिणी माहेराला भेटल्या. शेजारच्या हॉटेलातून व्यंकट वास घेत बाहेर आला आणि म्हणाला, "मिस्त्री, भजी तुमी टाकायलात का काय? मग मी पाना घेऊन बसू का?"

व्यंकटची ओळख आत्ताच करून देतो, कारण पुढं त्याचं काम आहे. त्याचं चहाचं हॉटेल माझ्या दुकानाला लागून. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. पण लातुरात कुणाची बदली झाली, कुणाची सोयरीक मोडली, हे पेपरात यायच्या आधी व्यंकटकडं चहाबरोबर मिळायचं. एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या कानात घालताना तो त्यात थोडी साखर टाकायचा, एवढंच.

आता उस्तादांची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी सांगता येत नाही.

नायगावचे एक कापडाचे व्यापारी नांदेडला उस्तादांकडं यायचे. गाडी वरच्या गिअरमध्ये जातच नाही अशी तक्रार. दोन ठिकाणी इंजिन खोलून झालेलं. उस्तादांनी गाडीकडं बघितलंच नाही. शेठजींना म्हणाले, जरा बसा गाडीवर, गिअर टाकून दाखवा. शेठजी बसले. उस्ताद खाली उकिडवे बसून त्यांच्या पायाकडं बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "सेठ, गाडी कू कुछ नहीं हुवा. बीमारी पाँव में हय."

शेठजींचा चेहरा पडला. "शुगर हाय का काय?"

"नहीं सेठ. चप्पल."

शेठजींनी नवी जाडजूड चप्पल घेतली होती, टोकाला वर वळलेली. वरचा गिअर टाकायला दांड्याखाली अंगठा घालून उचलावं लागतं, ते टोक दांड्याखाली जातच नव्हतं. उस्तादांनी चप्पल काढायला लावली, अनवाणी पायानं गिअर लोण्यासारखा पडला. सगळं दुकान हसलं, शेठजी सगळ्यात जास्त हसले. मी तेव्हा शिकत होतो. मनात म्हटलं, हे वाक्य आपल्याला कधीतरी वापरायला मिळालं पाहिजे.

मिळालं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नांदेड सोडून लातूरला आलो. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, ऑफिसं म्हणजे गाड्या आणि गाड्या म्हणजे मिस्त्री, असा माझा सरळ हिशेब. त्या काळात लातुरात बोर्ड रंगवणाऱ्यांना जेवायला उसंत नव्हती. जुन्या जिल्ह्यातून वाटणी होऊन सामान येत होतं, कपाटं, खुर्च्या, गाड्या. भावाभावांच्या वाटणीचं असतं तेच इथं. थोरल्यानं दुभती ठेवून घेतली आणि धाकट्याच्या दावणीला भाकड आली. असं मी नाही म्हणत, व्यंकट म्हणायचा. पण दुरुस्तीला माझ्याकडं भाकडच यायच्या, त्यामुळं मी त्याला खोटं पाडलं नाही.

वाटणीत आलेली अशीच एक जुनी मोटारसायकल. जिचा गिअरचा दांडाच आत दाबून फिरवला की किक होतो, त्या जातीची. किक मारता मारता पाय गिअरवर आणि गिअर टाकता टाकता जीव मुठीत. ती मिळाली होती सोनकांबळे यांना. ते हापशांचे मिस्त्री. गावोगावचे सरकारी हातपंप बिघडले की जाऊन पाइप उपसायचे, दुरुस्त करायचे आणि परत सोडायचे. माझ्याच वयाचे. घरात सरकारी नोकरी लागलेला पहिला माणूस. वडील बौद्ध झाले तेव्हाचा बाबासाहेबांचा फोटो घरात आहे, असं ते अभिमानानं सांगत. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, ते मला मिस्त्री म्हणायचे. व्यंकट वैतागायचा. म्हणायचा, एकाला चहा दिला की पैसे दुसऱ्याला मागायलो, असं व्हायलंय.

गाडीचा गिअर जड पडतो म्हणून त्यांनी आणली. मी उस्तादांच्या पद्धतीनं बाहेरून आत गेलो. वायर, दांडा, तेल, प्लेटा, सगळं ठीक. शेवटी इंजिन खोललं. फोर्क वाकला होता. नवा बसवला, बंद केलं, गाडी दिली. सरकारी गाडीचं पहिलंच मोठं काम, त्यामुळं मी जरा मिरवलोही.

ती गेल्यावर, सुटे भाग ज्यात बुडवतो ते रॉकेलचं घमेलं धुवायला घेतलं. तळाच्या काळ्या गाळात बोटाला काहीतरी लागलं. पुसून उजेडात धरलं. वायसर.

कुठला ते मला लगेच कळलं. माणसाला स्वतःचा दात ओळखू येतो, तसा मिस्त्र्याला स्वतः काढलेला वायसर ओळखू येतो. त्या वायसराशिवाय शाफ्टवरचं चाक डुलणार, दुसऱ्या गिअरच्या खुंट्या अर्ध्याच घुसणार. मी लगेच निरोप पाठवायला हवा होता की मिस्त्री, गाडी परत आणा, माझ्याकडून चूक झाली. ते हसले असते, मीही हसलो असतो, व्यंकटनं त्यात साखर घातली असती आणि विषय संपला असता. पण ऑफिसची कामं नुकतीच लागलेली. पहिल्याच कामात विसरलो हे साहेबाच्या कानावर गेलं तर? मी वायसर फडक्यात बांधून खिळ्याला टांगला आणि म्हटलं, चालूनही जाईल.

चाललं नाही. चालणारच नव्हतं. सोनकांबळे आठवड्याभरात परत आले. सकाळची वेळ, व्यंकटकडं गर्दी. नेमके त्यांच्या ऑफिसचे साहेब जीप थांबवून चहा घेत उभे.

"मिस्त्री, चढाला दुसरा गिअर टिकून न्हाई राहिला," सोनकांबळे म्हणाले. "मागं पाइप बांधलेले आसतेत, हत्यारांची पेटी आसते. चढ लागला की खट्‌. दोनदा तर पडता पडता वाचलो."

मी गाडी घेतली आणि फेरी मारून आलो. एकटा, रिकाम्या गाडीवर, सपाट रस्त्यानं. गिअर सुटला नाही. सुटणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तो रस्ता घेतला होता. 

"काही नाही हो. मस्त चालते," मी म्हटलं.

सोनकांबळ्यांनी डोकं खाजवलं. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "आत एखादा वायसर तर न्हाई राहिला, मिस्त्री? आमच्या हापशाचं कसं हाय, दुखणं कोणतं बी सांगू द्या, उपसून बघितलं की निघतो वायसरच."

 फडकं त्यांच्या डोक्याच्या मागंच खिळ्याला टांगलेलं होतं.

"गिअरबॉक्स म्हणजे हापसा न्हाई, मिस्त्री," मी म्हटलं. बाकड्यावरची माणसं हसली. हसू मिळालं की माणसाला जोर येतो.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "मग दोष आहे कशात?"

आणि मी उस्तादांचं वाक्य काढलं. "गाडीत काही नाही, साहेब. पायाचा गुण आहे."

लगेच भट्टीमागून व्यंकटचा आवाज आला. "म्हंजे पायगुण म्हणा की, मिस्त्री."

लोक पोट धरून हसले. साहेब हसले. सोनकांबळेही हसले, खाली आपल्या पायांकडं बघत. उस्तादांनी शेठजींना चप्पल काढायला लावली होती, गिअर टाकून दाखवला होता, म्हणजे खरं दुखणं दाखवून मग हसवलं होतं. मी खरं दुखणं खिळ्याला टांगून हसवलं.

आता हा शब्द दुसऱ्या कुठल्या साली गेला असता तर हसण्यावारी गेलाही असता. पण त्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. दुष्काळ आमच्याकडं पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. विहिरींचे तळ उघडे पडले, सगळं गाव एका हापशावर आलं आणि हापसा म्हणजे काही कामधेनू नव्हे. जमिनीतलं पाणीच खाली गेलं की दांडा नुसता खडाखडा वाजतो. मग ऑफिसला अर्ज, मग सोनकांबळे. ते जात, उपसत, एखादा पाइप वाढवून खाली सोडत. चार दिवस पाणी येई आणि मग तेही बंद. लोक बघत होते. हा माणूस येतो, हापशाला हात लावतो आणि पाणी जातं.

पायगुण हा शब्द व्यंकटकडून जीपच्या ड्रायव्हरकडं गेला, ड्रायव्हरकडून टँकरवाल्यांकडं आणि टँकरबरोबर गावोगाव. एका गावानं ऑफिसात येऊन सांगितलं, दुसरा मिस्त्री पाठवा, ते पायगुणवालं नको. मग दुसऱ्या गावानं. साध्या भाषेत लिहितो. काही गावांना सोनकांबळे आडनावाचा माणूस आपल्या हापशाला हात लावतो, हे आधीपासूनच खुपत होतं. पण तसं उघड म्हणायची आता सोय राहिली नव्हती. मी त्यांना सोय करून दिली.

सोनकांबळे चहाला यायचेच. एके दिवशी बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "तुमचा शब्द लई लांब गेला बगा, मिस्त्री. तुमच्या गाड्या बी इतक्या लांब जात न्हाईत."

मी माझ्या बशीतला चहा फुंकत राहिलो.

"काल एक म्हातारी मला म्हणली, लेकरा, तू लांबूनच सांग कसं करायचं ते, आमची पोरं करतेल. हात नको लावू." ते हसले. "मी म्हणलो, आज्जे, डॉक्टर आजाऱ्याच्याच घरी दिसतो. म्हणून डॉक्टरनंच आजार आणला म्हणतीस का? तर म्हणती, आमच्या डॉक्टरचं बी तसंच हाय."

व्यंकट खो-खो हसला. मीही हसलो. विनोद चांगला होता. चांगल्या विनोदाचा हाच घोटाळा आहे, तो पुढ्यात आला की खरं बोलायची वेळ टळते.

साहेबांनी तक्रारी वाढल्या म्हणून त्यांची मोटारसायकल काढून घेतली आणि हेडक्लार्क बिरादारांना दिली. सोनकांबळे हत्यारांची पेटी एसटीच्या टपावर टाकून जायला लागले. जिथं एसटी नाही तिथं भाड्याच्या सायकलवर.

महिन्याभरानं बिरादार माझ्या दुकानात आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मिस्त्री, कुणाला बोलू नका. मंडळीला घेऊन सासुरवाडीला चाललो होतो. मागं ज्वारीचं पोतं. चढाला गिअर सुटला आन मंडळी पोत्यासगट खाली."

"लागलं का?"

"तिला न्हाई लागलं. मला लागलं, घरी गेल्यावर." मग आणखी जवळ सरकले. "त्याचा गुण गाडीला लागला आसंल का वो?"

मी म्हटलं, गाडी ठेवून जा. ते वळल्याबरोबर शटर निम्मं खाली ओढलं, इंजिन खोललं, खिळ्यावरचं फडकं सोडलं आणि वायसर त्याच्या जागी बसवला. चांगलं आठवतं, बसवताना मला हलकं वाटलं होतं. वाटलं, चला, झालं. गाडी बरी झाली म्हणजे सगळंच बरं होईल.

झालं भलतंच. गाडी अशी धावायला लागली की बिरादार दोन पोती ज्वारी घेऊन सासुरवाडीला जाऊन आले. व्यंकटच्या बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगायला लागले, "त्या माणसाचा पाय निघाला आन गाडी सुधारली. माझ्याकडं आल्यापासून एकदा बी गिअर सुटला न्हाई." त्यांनी आपलं पडणं गाळलं, मी माझं खोलणं गाळलं. जे आतापर्यंत हसत होते त्यांनीही माना डोलावल्या. तोवर तो निदान विनोद तरी होता. मी दुरुस्ती करून त्याला पक्कं करून टाकलं. आणि मी खोटा आहे याचा जो एकच पुरावा होता, तो मीच आत बसवून वरून झाकण आवळलं होतं.

त्याच उन्हाळ्यात सोनकांबळ्यांनी बदली मागून घेतली. नांदेड जिल्ह्यात, हदगावकडं. जायच्या आधी दुकानावर आले. बसले नाहीत, उभ्या उभ्याच बोलले.

"येतो, मिस्त्री."

"तिकडं पाणी बरं आहे," मी म्हटलं.

"हाव. कापूस बी चांगला होतो म्हणतेत." मग विचारलं, "बिरादार साहेबांची गाडी कशी काय सुधारली?"

सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द त्यांनीच आधी सुचवलेला होता.

"वापरून वापरून बसला असेल गिअर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. हापसा नीट बसला का हे दांडा हलवून बघतात ना, तसं बघितलं. "बसतो एखाद्या वक्ती," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर माझं बरं चाललं. गिअरबॉक्सचा मिस्त्री म्हणून नाव झालं. लोकांना वाटायचं, पांचाळ मिस्त्री इंजिन बंद करण्याआधी घमेल्याचा तळ हातानं चाचपतो ही त्याची शिस्त आहे. काही जणांनी ती उचललीसुद्धा. शिस्त कुठून आली ते कुणी विचारलं नाही. आणि एक झालं, त्या दिवसानंतर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला "दोष तुमच्या पायात आहे" असं म्हटलं नाही. खरोखर पायात होता तेव्हाही नाही. उंच टाचेची चप्पल घालून आलेल्या एका बाईंना मी आपला गुपचूप दांडाच खाली वाकवून दिला.

दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला हदगावला गेलो. बसस्टँडवर उतरलो तर समोरून हाक आली, "मिस्त्री." केस पांढरे झाले होते, आवाज तोच. सोनकांबळे सोडतच नव्हते. लग्न राहू द्या, अक्षदा काय कोणी बी टाकतं, म्हणून घरी घेऊन गेले. गावाबाहेर नवं घर, पुढं ओटा, अंगणात बोअर. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स, तिनंच बांधलेलं. त्यांच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

"बोअरला पाणी कसं आहे?" मी विचारलं. धंदेवाईक माणसं दुसऱ्याच्या धंद्याचंच विचारतात.

"लई. उन्हाळ्यात बी तुटत न्हाई." मग मांडीवर थाप मारून हसले. "लागणारच की. मी घरी नव्हतो ना."

"म्हणजे?"

"बोअरची गाडी आली त्या दिवशी मी नांदेडला निघून गेलो. मुद्दाम."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "सांगा की सगळं त्येंला. गावात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकून राहिले ह्ये, आन सोताच्या दारात मशीन लागली तर एसटीत बसून पळाले."

"मी मानत न्हाई गं," सोनकांबळे म्हणाले. "आजिबात मानत न्हाई. पण पोरीचं घर. तिच्या पगारातला बोअर. म्हणलं, आपण मानत न्हाई ते खरं, पण कामून जोखीम घ्यायची?" आणि परत हसले. हसताना खाली आपल्या पायांकडं बघितलं, लातूरला व्यंकटच्या हॉटेलासमोर बघितलं होतं अगदी तसंच.

माझ्या हातात तांब्या होता. मी तो पुरता संपवला, कारण तांब्या खाली ठेवला की बोलावं लागणार होतं. संपवून खाली ठेवला आणि म्हटलं, "पाणी गोड आहे."

लग्नाला उशीर होतोय म्हणून उठलो. ते बसस्टँडपर्यंत सोडायला आले, पायी. मुलीची स्कूटर दारात उभी होती. मी विचारलं, गाडी चालवत नाही का? म्हणाले, "न्हाई. सोडली तवाच. आपल्या पायाला जमत न्हाई ते."

हे सगळं लिहून काढलं म्हणजे मोकळा झालो असं मला वाटत नाही. हा अंक हदगावला जातो की नाही, मला ठाऊक नाही. आणि गेला तरी छापील पानानं हे फिटत नाही. शब्द तोंडातून गेला होता, चार माणसांत गेला होता. व्यंकट आता नाही, त्याचं हॉटेल नाही, साहेब नाहीत, बिरादार नाहीत. त्या चार माणसांतला आता मीच उरलो आहे.

त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या बायकोच्या आणि मुलीच्या समोर, मला एवढंच म्हणायचं राहिलं आहे: मिस्त्री, वायसरच होता, तुमच्या पायात काही नव्हतं. एवढं मी सोनकांबळ्यांचं देणं लागतो.